ठिपके की रेषा? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या महिन्यात ॲपचं वजन कसं कमी करायचं यावर लिहिलं होतं, तर पत्रांचा रोख भलतीकडेच वळला. जवळजवळ सगळ्यांनी फिरून फिरून एकच विचारलंय, चित्रं रास्टर ठेवायची, म्हणजे पीएनजी-जेपीजीसारखी ठिपक्यांची, की व्हेक्टर, म्हणजे एसव्हीजीसारखी रेषांची. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि सगळी जागा याच विषयाला दिलीये. पत्रं सगळी सोलापूरचीच निघाली, त्यामुळे उदाहरणंही इथलीच.

प्रश्न : ताई, मी आणि माझा मित्र मिळून दुकानांसाठी बिलिंगचं ॲप बनवतोय. मित्र म्हणतो लोगो, आयकॉन, सगळं एसव्हीजीत ठेवू, ते कधी फाटत नाही. मला वाटतं पीएनजी टाकून मोकळं व्हावं, कशाला डोक्याला ताप. यावरून आमचं रोज वाजतंय. शिवाय बिलाच्या प्रिंटरवर दुकानाचा लोगो छापला की नुसता काळा ठोकळा येतो. नक्की काय करायचं? — अक्कलकोट रोड

उत्तर : मित्राचं अर्धं बरोबर आहे आणि तुमचंही अर्धं. पण तुम्ही दोघंही फाईलकडे बघताय, ते चित्र शेवटी जाऊन कशावर बसणार आहे ते कुणीच बघत नाहीये, आणि भांडण तिथेच सुटतं.

आमचे अप्पा चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढायचे. रात्री जेवणं झाली की घरात जमिनीवर भला मोठा ग्राफ पेपर पसरायचा आणि ते लाल रंगाने एकेक चौकोन भरत बसायचे, मी शेजारी पालथी पडून बघायचे. आधी कोऱ्या कागदावर मोर काढलेला असायचा, मान अशी एका झटक्यात गोल वळलेली. तोच मोर ग्राफवर उतरला की त्या मानेच्या पायऱ्या व्हायच्या, तीन चौकोन वर एक बाजूला, दोन वर एक बाजूला, मग एक वर दोन बाजूला. कोऱ्या कागदावर महत्त्वाचं होतं ते वळण, ग्राफवर महत्त्वाचा झाला चौकोन. व्हेक्टर आणि रास्टर यांच्यात जो फरक आहे तो हाच.

एसव्हीजी फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा, आत साधा मजकूर दिसेल. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, जाताना असं वळण घे, आत हा रंग भर. ठिपके नसतातच त्यात. ही वळणं म्हणजे बहुतेक बेझिए कर्व्ह, फ्रान्सच्या रेनो कंपनीत गाड्यांच्या बॉडीचे आकार गणितात बसवणाऱ्या पियर बेझिए यांच्या नावावरून. पीएनजी, जेपीजी म्हणजे भरलेला ग्राफ, प्रत्येक चौकोनाचा रंग ठरलेला.

आता गंमत अशी की मोबाईलची स्क्रीन हा पण एक ग्राफच आहे. तुमचं व्हेक्टर कितीही गुळगुळीत असलं तरी काचेवर येताना त्याचे ठिपके करावेच लागतात, यालाच रास्टरायझेशन म्हणतात. म्हणजे ग्राफ कुणीतरी भरायचाच आहे. तुम्ही आपल्या लॅपटॉपवर आधीच भरून पाठवायचा का गिऱ्हाईकाच्या फोनने आयत्या वेळी भरायचा, एवढंच तुम्हाला ठरवायचंय.

या हिशोबाने आयकॉन बघा. अँड्रॉइडमध्ये २४ डीपीचा (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) एक आयकॉन पीएनजीत द्यायचा तर वेगवेगळ्या स्क्रीनसाठी २४, ३६, ४८, ७२ आणि ९६ पिक्सेल अशा पाच फाईली लागतात. तीस आयकॉन म्हणजे दीडशे फाईली, आणि एकाचा आकार बदलला की पाचच्या पाच परत. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, व्हेक्टर ड्रॉएबल हा अँड्रॉइडचा स्वतःचा व्हेक्टर प्रकार आहे, एका आयकॉनला एक फाईल, संपलं. इथे मित्र बरोबर. फक्त एसव्हीजी तशीच उचलून टाकता येत नाही, अँड्रॉइड स्टुडिओतून रूपांतर करून घ्यावी लागते आणि त्यात ब्लर, फिल्टर, टेक्स्ट असलं काही असेल तर ते येत नाही. डिझायनरला आधीच सांगा, नाहीतर तो आठ दिवस सावल्या काढत बसतो आणि त्या सगळ्या वाया जातात.

पण लॉगिनच्या पानावर तुम्ही जे मोठं चित्र टाकणार असाल, दुकान, गिऱ्हाईक, मागे दिवाळीच्या माळा, ते व्हेक्टर करू नका. गुगलची स्वतःचीच सूचना आहे की व्हेक्टर ड्रॉएबल २०० बाय २०० डीपीच्या आतच ठेवा, कारण पहिल्यांदा काढताना प्रोसेसरला सगळी वळणं मोजत बसावं लागतं आणि दुकानदाराकडे सात-आठ हजारांचा फोन असतो हे विसरून चालत नाही. ते चित्र वेबपी या रास्टर प्रकारात द्या. मालाचे फोटो तर अर्थातच रास्टर, फोटोत वळणं नसतात, नुसते ठिपकेच असतात, त्याला व्हेक्टर करण्यात काही अर्थ नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ४००० बाय ३००० चा फोटो फाईल म्हणून तीन-चार एमबीचा दिसतो पण मेमरीत उघडला की एका ठिपक्याला चार बाईट या दराने ४८ एमबी खातो. मालाच्या यादीत असे दहा फोटो एकदम उघडले की ॲप बसलंच. यादीत दिसतो तेवढ्याच मापात उघडा.

आता बिलाचा प्रिंटर, आणि तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं कारण दुकानदार तुमचं ॲप रोज कागदावरच बघणारे. थर्मल प्रिंटरला वळण बिळण काही कळत नाही. त्याच्या डोक्यात एका ओळीत बारीक हीटर असतात, हीटर तापला की कागदावर काळा ठिपका, नाही तापला की पांढरा, मधलं काही नाही. बहुतेक प्रिंटर मिलिमीटरला ८ ठिपक्यांचे. दोन इंची प्रिंटरवर ४८ मिमी छापतं म्हणजे रुंदीत ३८४ ठिपके, तीन इंचीवर ७२ मिमी म्हणजे ५७६. लोगो बरोबर त्याच मापात, काळा-पांढरा करून पाठवायचा. दोनशे पिक्सेलचा लोगो ताणून पाठवला की अक्षरं दातेरी होतात.

काळा ठोकळा का येतो तेही सांगते. तुमच्या पीएनजीचं बॅकग्राउंड पारदर्शक असणार. पारदर्शक ठिपक्यात रंग म्हणून बहुतेक वेळा शून्य, शून्य, शून्य लिहिलेलं असतं, म्हणजे काळा, फक्त तो दाखवायचा नाही अशी शेजारी खूण असते. तुमचा कोड काळं-पांढरं करताना ती खूणच फेकून देतोय, मग सगळा चौकोन काळा छापला जातो. आधी पांढरा चौकोन भरा, त्यावर लोगो काढा, मग काळं-पांढरं करा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि मराठी बिल द्यायचं असेल तर बऱ्याच प्रिंटरमध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, तेव्हा मजकुराची ओळसुद्धा फोनवरच चित्र म्हणून काढून पाठवायची. ती काढताना कडा मऊ करणारं अँटी-अलायसिंग बंद ठेवून बघा, नाहीतर करड्या कडा काळं-पांढरं होताना मात्रा आणि अनुस्वार खातात. चादर शब्दाचं चदर झालेलं बिल मी डोळ्यांनी बघितलंय.

लोगो साठवताना मात्र दुकानदाराने जी मूळ फाईल दिली ती तशीच ठेवा, ती व्हेक्टर असेल तर उत्तमच. आम्ही पहिल्या कामात जागा वाचवायला म्हणून अपलोड झाल्या झाल्या लोगोचा २०० पिक्सेलचा पीएनजी करायचो आणि मूळ फाईल पुसून टाकायचो. वर्षभराने दुकानदारांनी तीन इंची प्रिंटर घेतले आणि आमच्याकडे द्यायला काहीच नव्हतं. चाळीसेक दुकानांत मी स्वतः फिरून लोगो परत मागितले, निम्म्यांकडे तोही उरला नव्हता, व्हिजिटिंग कार्डाचे फोटो काढून आणले. त्या दिवसापासून माझा नियम ठरलेला आहे, मूळ व्हेक्टर ठेवायचं आणि ठिपके सगळ्यात शेवटी, जिथे छापायचं तिथलं माप घेऊन करायचे.

प्रश्न : ताई लई कन्फ्यूज झालोय. एका वेबसाईटवर जेपीजी टाकला तर एसव्हीजी करून मिळाली, पण ती ४ एमबीची आहे आणि मोठी केली की तरी फाटतीये. असं कसं? — बीसीएचा विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : फसवणूक झालीये तुझी. फाईल नोटपॅडमध्ये उघड. आत इमेज असा टॅग आणि त्यापुढे अक्षरांची न संपणारी रांग दिसेल. त्यांनी तुझा जेपीजीच बेस६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, एसव्हीजीच्या पिशवीत घातलाय, त्या भानगडीत तो जवळजवळ ३३ टक्के फुगतो सुद्धा. नाव एसव्हीजी, आत ठिपकेच. खऱ्या व्हेक्टरमध्ये पाथ, सर्कल, रेक्ट असले टॅग दिसतात. यापुढे कुठलीही एसव्हीजी प्रोजेक्टमध्ये घेण्याआधी उघडून बघायची सवय लाव, आणि त्यात स्क्रिप्ट असा टॅग दिसला तर अजिबात घेऊ नको. एसव्हीजीत जावास्क्रिप्ट बसतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. उद्या तुझ्या साईटवर लोकांना एसव्हीजी अपलोड करायची सोय देशील तर आधी साफ करून घे, किंवा सरळ पीएनजी करून साठव.

प्रश्न : नमस्कार. नवी पेठेत आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, हल्ली गिऱ्हाईकांच्या वेबसाईटही करून देते. कोरलमध्ये काढलेला लोगो एसव्हीजी करून साईटवर टाकला तर माझ्या मशीनवर छान दिसतो आणि गिऱ्हाईकाच्या मोबाईलवर मराठी नावाच्या जागी भलतीच चिन्हं येतात. दुसरं म्हणजे गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवरचा लोगो पाठवतात आणि म्हणतात यावरूनच मोठा बोर्ड करा.

उत्तर : पहिलं तर तुम्हाला अर्धं माहीतच असणार, कारण प्रेसला फाईल पाठवताना आपण म्हणतोच की कर्व्ह करून दे, म्हणजे अक्षरांचे फॉन्टवर न अवलंबणारे आकार करून दे. जुन्या मराठी डीटीपी फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात. तुमच्या मशीनवर तो फॉन्ट आहे म्हणून नाव दिसतं, मोबाईलवर तो नाही म्हणून त्याच्या खालची इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उघडी पडतात. लोगोतलं नाव कंट्रोल क्यूने कर्व्ह करा आणि मग एसव्हीजी काढा. कर्व्ह न केलेली प्रत वेगळी जपून ठेवा, पत्ता बदलला की तीच लागते.

पण ताई, एक कळकळीची विनंती आहे, कर्व्ह फक्त लोगोच्या नावापुरतं. मी अशा साईट बघितल्यात जिथे दुकानाचा पत्ता, वेळ, फोन नंबर, सगळं एकाच सुंदर चित्रात कर्व्ह करून टाकलंय. मग तो पत्ता सर्चमध्ये येत नाही, फोन नंबरवर बोट ठेवलं तर लागत नाही, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याचा स्क्रीन रीडर तिथे गप्प बसतो. मजकूर हा मजकूरच ठेवा, युनिकोडमध्ये, सोबत वेबफॉन्ट द्या. लोगोला सुद्धा आत टायटल लिहून नाव द्या म्हणजे वाचणाऱ्याला ऐकू येईल.

एसव्हीजी करताना व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राची आतली चौकट सांगणारे आकडे, आहे ना बघा. तो नसला आणि नुसती रुंदी-उंची असली तर पान लहान केल्यावर लोगो लहान होत नाही, कापला जातो. आणि तीन ठिकाणी एसव्हीजी चालवायला जाऊच नका. व्हॉट्सॲपवर साईटची लिंक पाठवली की जे चित्र दिसतं ते, ईमेलमधला लोगो, आणि प्ले स्टोअरवरचा आयकॉन. लिंकच्या चित्राला १२०० बाय ६३० चा जेपीजी किंवा पीएनजी करा, मेलला पीएनजी, आणि प्ले स्टोअर तर ५१२ बाय ५१२ चा पीएनजीच मागतं.

आता तो व्हॉट्सॲपवरचा लोगो. गिऱ्हाईकाला समजावायला मी हा हिशोब सांगते. लोगो ३०० पिक्सेल रुंद आहे, बोर्डावर तो तीन फूट पाहिजे. तीन फूट म्हणजे ९१४ मिमी, भागिले ३००, म्हणजे एकेक ठिपका तीन मिलिमीटरचा, जवळजवळ तुरीच्या डाळीएवढा. सात रस्त्याच्या चौकात वीस फुटाच्या होर्डिंगवर लांबून बघताना कदाचित खपून जाईल, पण दुकानाच्या दारावरच्या पाटीवर शोभा होणार. आधी मूळ फाईल मागा, ज्याने पहिल्यांदा काढला त्याच्याकडून, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं. नाहीच मिळाली तर हाताने परत काढा. ऑटो ट्रेस, म्हणजे सॉफ्टवेअरकडून आपोआप रेषा पाडून घेणं, करू नका असं मी म्हणेन. गोलाला चार नोड पुरतात, ट्रेस केलेल्या गोलात मोजता येणार नाहीत इतके पडतात आणि कड थरथरल्यासारखी दिसते. अर्धा तास जास्त लागेल, पण त्याचे पैसे मागायला लाजू नका.

प्रश्न : आमच्या टॉवेलच्या युनिटमध्ये ६० लूमवर सेन्सर बसवलेत, दर १० सेकंदाला रीडिंग येतं. मी ब्राउझरमध्ये एसव्हीजीत ग्राफ काढतो. सकाळी मस्त चालतं, दुपारी हँग. — एमआयडीसी

उत्तर : दुपारपर्यंत काय जमतं मोजा. आठ तासांच्या पाळीत एका लूमची २,८८० रीडिंग, साठ लूमची १,७२,८००. एसव्हीजीत प्रत्येक ठिपका हा पानावरचा एक जिवंत घटक असतो, ब्राउझर त्याची स्वतंत्र नोंद ठेवतो, त्याला क्लिक कळतं, रंग बदलता येतो. काही शे घटकांपर्यंत हे फार सोयीचं, काही हजारांवर जड, लाखावर गेलं की संपलं. कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरमधल्या ठिपक्यांच्या फळ्यावर काढा. तिथे काढलं की ते ठिपके झाले, नंतर ब्राउझर त्यांना ओळखत नाही, म्हणून तर हलकं. आकडे, अक्ष, वरची नावं मात्र एसव्हीजीतच राहू द्या, दोन्ही एकमेकांवर बसतात.

आणि त्याआधी एक साधी गोष्ट. तुमचा ग्राफ स्क्रीनवर ८०० पिक्सेल रुंद असेल तर २,८८० रीडिंग त्यात दिसूच शकत नाहीत. एका उभ्या रेघेत येणाऱ्या तीन-चार रीडिंगमधलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तेवढं काढा. सरासरी काढू नका. सरासरीत लूम बंद पडल्याचा तो एकच खड्डा बुजून जातो, आणि सुपरवायझर तोच शोधत असतो.

कॅनव्हास मोबाईलवर अंधुक दिसला तर घाबरू नका, डिव्हाईस पिक्सेल रेशोने, म्हणजे सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत फोनचे खरे ठिपके किती त्या आकड्याने, कॅनव्हासची आतली रुंदी-उंची गुणायची आणि काढताना तेवढंच स्केल करायचं, सीएसएसचं माप आहे तेच.

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेसाठी आम्ही कॉलेजची मुलं ॲप करतोय, त्यात अडुसष्ट लिंगं आणि नंदीध्वजांचा मार्ग दाखवायचाय. नकाशाचा मोठा स्क्रीनशॉट घेऊन त्यावर खुणा केल्यात. झूम केलं की रस्त्यांची नावं वाचता येत नाहीत. मोठा स्क्रीनशॉट घेतला तर ॲप ६० एमबीचं झालं.

उत्तर : काम फार चांगलं घेतलंय. भोगीच्या दिवशी तैलाभिषेकाला बाहेरगावचा माणूस नंदीध्वजांच्या मागे चालत असतो आणि आपण शहरात नेमके कुठे आहोत ते त्याला कळत नाही, हे मी दरवर्षी बघते.

यात दोन वेगळ्या गोष्टी एका चित्रात थापल्यात, त्या सोडवा. लिंगाची जागा म्हणजे अक्षांश-रेखांश, दोन आकडे. मार्ग म्हणजे असल्याच आकड्यांची माळ. हे जन्मतःच व्हेक्टर आहे, याचा फोटो काढायचा नसतो. जिओजेसन, म्हणजे जागा आणि मार्ग लिहायच्या मजकुराच्या फाईलमध्ये अडुसष्ट बिंदू, त्यांची नावं आणि मार्ग लिहा, सगळं मिळून काही केबीत बसेल. प्रत्येक लिंगाजवळ स्वतः उभं राहून आकडे घ्या, पेठांमधल्या बोळात घरबसल्या टाकलेली खूण पलीकडच्या गल्लीत पडते. खालचा नकाशा वेगळा. तो रास्टर टाईल्सचा घेतला तर २५६ बाय २५६ चे तुकडे येतात आणि एकेक झूम पायरी वाढली की त्याच भागाचे तुकडे चौपट होतात, म्हणून तुमचा स्क्रीनशॉट फुगला. व्हेक्टर टाईल्स घ्या, त्यात रस्ते रेषा म्हणून येतात, नावं फोनवरच काढली जातात म्हणून झूम केलं तरी स्वच्छ राहतात.

होम मैदानावरच्या गर्दीत नेटवर्क मिळत नाही, तेव्हा शहराच्या तेवढ्या भागाचा नकाशा ॲपच्या आतच द्या. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून केलेल्या खुल्या नकाशाचा डेटा त्यांचं नाव लिहून वापरता येतो, पण त्यांच्या सर्व्हरवरून टाईल्स घाऊक उतरवून घ्यायला त्यांची मनाई आहे, डेटा घेऊन टाईल्स आपण बनवायच्या. सॅटेलाईटचा थर मात्र हौस म्हणून घालू नका, तो फोटोच असतो, सगळं वजन परत येईल.

प्रश्न : माझे आजोबा आणि वडील चादरीचे डिझाईन काढायचे. घरी जुन्या जकार्ड ग्राफची गठ्ठीच्या गठ्ठी आहेत, कडा झिजल्यात, काहींना वाळवी लागलीये. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सगळं स्कॅन करून व्हेक्टर करावं असं डोक्यात आहे, म्हणजे कुठल्याही मापात वापरता येईल. बरोबर चाललंय का? — साखर पेठ

उत्तर : तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. आमच्या अप्पांचे ग्राफ आम्ही वाचवू शकलो नाही, घर बदलताना गेले, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर सांगते.

व्हेक्टर करू नका. या एका ठिकाणी रास्टर हेच मूळ आहे. ग्राफचा एक चौकोन म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा, भरलेला चौकोन असेल तर धागा वर, रिकामा असेल तर खाली. त्यावरूनच मागाला लावायच्या कार्डाला भोकं पडायची. जोसेफ जकार्ड यांचा माग १८०४ च्या सुमाराचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी हो-नाही, हो-नाही करत चित्र साठवणारी ही पद्धत होती, आणि आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ती घराघरात खडखडत होती. तुमच्या आजोबांनी मोराच्या मानेची पायरी कुठे घ्यायची, तीन वर एक की दोन वर एक, हे विचार करून ठरवलंय, धागा सलग किती लांब मोकळा सुटला तर चादरीत अडकून ओढला जाईल तेही त्यात बघितलंय. ट्रेस केलं की सॉफ्टवेअर त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करणार, आणि परत विणायला घेतलं की नव्या पायऱ्या मशीन आपल्या मनाने पाडणार. आजोबांनी घेतलेला निर्णय तिथे पुसला जातो.

मग कसं करायचं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके घेऊन, रंगीत स्कॅन करून तो फोटो तसाच जपा, डाग, सुरकुत्या, सगळ्यासकट. त्याच्यावरून दुसरी फाईल बनवा ज्यात ग्राफचा एक चौकोन म्हणजे बरोबर एक पिक्सेल, बीएमपी किंवा पीएनजी, चार-पाच रंग असतील तर तेवढेच. जेपीजी कदापि नको, तो आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन करून दाबतो आणि लाल-पांढऱ्याच्या सीमेवर गुलाबी ठिपके पेरतो, मग कुठला चौकोन भरलेला आणि कुठला रिकामा ते ठरवता येत नाही. इलेक्ट्रॉनिक जकार्डचं डिझाईन सॉफ्टवेअर हीच पिक्सेलची फाईल घेतं. स्क्रीनवर मोठं करून बघताना नियरेस्ट नेबर ही शेजारचे रंग न मिसळणारी पद्धत लावा म्हणजे चौकोन चौकोनच राहील.

एक फसगत इथे हमखास होते. समजा कापडात इंचाला ४८ उभे धागे आणि ३२ आडवे आहेत. दोन इंचाचं गोल फूल ग्राफवर ९६ चौकोन रुंद आणि ६४ उंच असणार. स्क्रीनवर पिक्सेल चौरस असतो म्हणून ते फूल चपटं दिसेल. बघणाऱ्याला वाटतं स्कॅन चुकलाय, तो ते ओढून ९६ बाय ९६ करतो, आणि विणल्यावर फूल दोन इंच रुंद आणि तीन इंच उंच येतं. फाईलला हात लावू नका, दाखवताना फक्त दीडपट उंच दाखवा. जुना ग्राफ पेपरही त्याच हिशोबाच्या आडव्या-उभ्या चौकटींचा छापलेला असायचा, तुमच्या गठ्ठ्यात पट्टी लावून बघा, चौकट चौरस नसेल.

वेबसाईटवर दाखवायला किंवा पिशवीवर छापायला नक्षी पाहिजे असेल तर ती वेगळी व्हेक्टर काढा, हाताने, पण तिला त्या ग्राफची प्रत म्हणू नका. ते नवं चित्र आहे.

आणि ग्राफच्या कडेला पेन्सिलीने काही लिहिलंय का बघा. आमच्याकडे असायचं, इंचाला धागे किती, रंग कुठला कुठे, कधी कारखान्याचं नाव, कधी नुसती तारीख. स्कॅनमध्ये पेन्सिल फिकट येते, तेव्हा ते सगळं वडिलांना समोर बसवून, त्यांना विचारून टाईप करून घ्या, प्रत्येक फाईलच्या शेजारी एक मजकुराची फाईल. काही खुणा अशा असतील की त्यांचा अर्थ फक्त वडीलच सांगू शकतील, तर स्कॅनर नंतर आणला तरी चालेल, हे काम या रविवारीच सुरू करा.